राजीनामा कधी द्यावा? : व्हिडिओ करणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं निवडली आहेत. नोकरी सोडण्याचा प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला, म्हणून त्यालाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : नमस्कार. वय ३१. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. नोकरीला ४ वर्षं ४ महिने झाले. हातात ३२,००० येतात, मूळ पगार १८,०००. घरी बायको, चार वर्षांची मुलगी, आई-वडील. दोन वर्षांपासून सोलापुरी जेवणाचं यूट्यूब चॅनेल चालवतो. सहा महिन्यांची सरासरी कमाई ६,८०० रुपये, पण ऑक्टोबरात ११,४०० मिळाले. रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत एडिटिंग करतो. पूर्ण वेळ दिला तर चॅनेल चौपट वाढेल असं वाटतं. वर्षअखेरीस राजीनामा द्यावा का? बायको म्हणते, थांबा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्नी बरोबर सांगतायत. तुम्ही अकाउंट्सचे आहात, तेव्हा हिशेबच मांडू.

आधी पगार. ३२,००० हा तुमचा खरा पगार नाही. कंपनी तुमच्या पीएफमध्ये मूळ पगाराच्या १२ टक्क्यांनी २,१६० रुपये भरत असेल, तेवढे धरा. ग्रॅच्युइटीचं सूत्र आहे : मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणजे दर वर्षाला सुमारे १०,३८५, महिन्याला ८६५ रुपये. शिवाय कंपनीचा मेडिक्लेम. तो बाहेर घ्यायला गेलात तर आई-वडिलांच्या वयावर हप्ता ठरेल. तूर्त महिन्याला ३,००० धरू. बेरीज ३८,००० च्या आसपास गेली. त्यात चॅनेलचा खर्च मिळवा : किराणा, पेट्रोल, नेट, दोन-तीन वर्षांनी नवा फोन. हे ६,००० धरले, तर आहे तिथेच राहायला महिन्याला ४४,००० लागतात.

आता दुसरी बाजू. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या पानावर, आरपीएम दिसतो. दर हजार व्ह्यूजमागे यूट्यूबचा वाटा वजा होऊन तुमच्याकडे येणारी ती रक्कम. सीपीएम बघू नका. तो जाहिरातदाराने मोजलेला भाव असतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या (छोट्या उभ्या व्हिडिओंच्या) वाटपाचे ४५ टक्के. समजा तुमचा आरपीएम ४० रुपये आहे. मग ६,८०० रुपये म्हणजे महिन्याला १ लाख ७० हजार व्ह्यूज. ४४,००० साठी ११ लाख लागतील. चौपट नव्हे, साडेसहापट. तुमचा आरपीएम वेगळा असेल तर हाच हिशेब तो आकडा घालून करा.

ऑक्टोबरच्या ११,४०० वर भिस्त ठेवू नका. दसरा-दिवाळीला जाहिरातदार भाव चढवतात, जानेवारीत तो उतरतो. व्ह्यूज तेवढेच असूनही पैसे कमी येतात. हुरड्याचे व्हिडिओ थंडीत चालतात, गड्ड्याच्या जत्रेचे संक्रांतीच्या आठवड्यात. शेंगाचटणी मात्र लोक बारा महिने शोधतात. म्हणून एक चाचणी करा. गेल्या सहा महिन्यांतला सर्वांत जास्त कमावलेला एक व्हिडिओ यादीतून काढा आणि उरलेल्यांची बेरीज बघा. ती निम्म्याखाली आली, तर तुमची कमाई एका व्हिडिओवर उभी आहे.

आता मूळ मुद्दा. राजीनामा दिल्यावर तुम्हाला फक्त वेळ मिळणार आहे. तेव्हा चॅनेल वेळेअभावी अडलंय का, हे आधी तपासा. पुढच्या चार व्हिडिओंचे तास वहीत लिहा : खरेदी, शूटिंग, कापाकापी, आवाज, थंबनेल. तुमच्या जागरणांवरून वाटतं की निम्म्याहून जास्त तास कापाकापीत जात असावेत. तसं निघालं तर कच्ची कापणी एखाद्या होतकरू कॉलेजकुमाराकडे द्या. महिन्याला चार व्हिडिओ, प्रत्येकी ८०० रुपये धरले तरी ३,२०० होतात. जो वेळ ३,२०० ला विकत मिळतो, त्यासाठी ३८,००० ची नोकरी का सोडायची?

आणि वेळ कमी नसेल, तर दोष व्हिडिओत असेल. स्टुडिओत प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख उघडा आणि पहिल्या ३० सेकंदांत रेघ किती खाली येते ते बघा. तिथेच कडा तुटल्यासारखी पडत असेल, तर सुरुवातीचं ‘नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर स्वागत’ लोकांना पळवतंय. कडक भाकरी मोडल्याचा ‘कडक्’ आवाज पहिल्या तीन सेकंदांत येऊ द्या, नमस्कार मागून करा. व्हिडिओ ८ मिनिटांहून मोठा असेल तर मध्ये जाहिरात लावता येते. पण तेवढ्यासाठी पाच मिनिटांची पाककृती ताणू नका, आलेख लगेच चुगली करतो.

पैसे हातात कधी पडतात, हेही लक्षात घ्या. ऑक्टोबरची कमाई नोव्हेंबरच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघते, तीही खात्यात १०० डॉलर जमले असतील तरच. नाहीतर पुढच्या महिन्यात ढकलली जाते. प्रायोजक बिल दिल्यावर महिना-दोन महिने सहज लावतात. पगाराची १ तारीख गेली, की ही ओढाताण दर महिन्याची. म्हणून आमच्या मते बारा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात पडल्याशिवाय राजीनामा लिहू नये. पीएफला या कामासाठी हात लावू नका. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या पीएफवर करही लागतो.

तुमच्या बाबतीत तर आठ महिने थांबणं हा सरळ फायदा आहे. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी सुमारे ५२ हजार होते. आज गेलात तर त्या रकमेवर पाणी सोडावं लागेल. या आठ महिन्यांत ही कामं उरका. आरोग्य विमा राजीनाम्याच्या दोन-तीन महिने आधी स्वतःच्या नावावर घ्या, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा चालत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीची गट पॉलिसी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक करून मिळते का, हे एचआरला लेखी विचारा. घरकर्ज घ्यायचं असेल तर पगारपत्रक हातात असतानाच घ्या. स्वतःचा धंदा करणाऱ्याकडे बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. नेमणूकपत्रात ‘इतर उत्पन्नाचं काम करू नये’ असं कलम आहे का आणि नोटीस किती दिवसांची आहे, हेही वाचा. बरेच जण हे कागद शेवटच्या आठवड्यात बघतात.

चॅनेलचं उत्पन्न आत्ताही रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. ते धंद्याचं उत्पन्न असल्यामुळे नोकरदारांचा आयटीआर-१ चालत नाही, ३ किंवा ४ लागतो. नोकरी सुटल्यावर कर कापून घेणारं कोणी नसतं. वर्षाचा देय कर १०,००० च्या वर जाणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च.

मग सोडायचं कधी? दिवाळीचे महिने वगळून सलग सहा महिने ३०,००० च्या वर आले, त्यात एका व्हिडिओचा वाटा निम्म्याहून कमी असला आणि ४४,००० पर्यंतचा उरलेला फरक भरून काढणारा, जाहिरातींखेरीज दुसरा एखादा स्रोत सुरू झाला, तर सोडा, आणि बिनधास्त सोडा. त्याआधी कंपनीकडे दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागून बघा. त्या आठ आठवड्यांत पूर्ण वेळ काम करून व्हिडिओ किती झाले आणि व्ह्यूज किती हलले, यावरून जे कळेल ते कुठल्याही सल्ल्यापेक्षा खरं असेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गणिताचे व्हिडिओ टाकतो. चॅनेलला आता पैसे सुरू होतील. पत्नीच्या नावावर खातं काढलं तर चालेल का?
— एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : नाव बदलून प्रश्न सुटत नाही. व्हिडिओत चेहरा आणि आवाज तुमचा, काम तुमचं. चौकशी झाली तर पत्नीचं नाव ही लपवाछपवीच ठरेल. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे. पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करण्यावर दोन्हींत बंधन आहे. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. विषय, शाळेच्या वेळेबाहेरचं काम आणि जाहिरातीतून मिळणारं उत्पन्न या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. उत्तर येईपर्यंत कमाई सुरू करू नका. व्हिडिओ टाकायला हरकत नाही, पण वर्गातल्या मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय दाखवू नका. फळ्यावरचा हात आणि खडू दिसला तरी गणित कळतं.

प्रश्न : आमचा चादरींचा कारखाना आहे. मागावर चादर कशी तयार होते, हे मोबाइलवर दाखवते. पण व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली सरकतात आणि माग चालू असला की माझं बोलणं ऐकूच येत नाही. कॉलर माइक घेतला तरी फरक नाही. महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : कॅमेरा अजिबात घेऊ नका. दोन्ही दोष फुकटात जातात.

पट्टे दिव्यांमुळे पडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोनचा शटर त्याच्याशी जुळला नाही तर पट्टे येतात. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर असतो आणि शटर स्वतःच ठरवतो. प्रो मोडमध्ये जाऊन २५ फ्रेम निवडा आणि शटर १/५० किंवा १/१०० वर कुलूपबंद करा. आयफोनमध्ये आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट सुरू करावे लागतात, मगच २५ फ्रेम दिसतात. एवढं करूनही एखाद्या दिव्याखाली पट्टे राहिले तर तो दिवाच खराब आहे. तो बंद करून सकाळी आठ ते दहा खिडकीच्या उजेडात शूट करा. त्या तिरप्या उजेडात चादरीची वीण उठून दिसते. ट्यूबखाली ती सपाट वाटते.

आवाजाचं म्हणाल, तर चालू मागाशेजारी कुठलाच माइक तुमचा आवाज वेगळा काढू शकणार नाही. माइकमधली नॉइज कॅन्सलेशन लावली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून दोन आवाज वेगवेगळे घ्या. मागाचा आवाज घेताना फोन चार-पाच मीटर लांब ठेवा आणि ३० सेकंद सलग रेकॉर्ड करा. जवळ धरलात तर धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याच्या) प्रत्येक ठोक्याला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

बोलणं माग बंद असताना किंवा घरी रेकॉर्ड करा. स्टुडिओचं सामान तर तुमच्या घरातच आहे. खोलीत दोरी बांधून मागे आणि दोन्ही बाजूंना जाड चादरी दुहेरी घडी करून सोडा, पंखा बंद ठेवा. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर, हनुवटीच्या किंचित खाली. समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना वाऱ्याचा धक्का बसतो. बोलताना रेकॉर्डिंगमधला आवाजाचा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये नाचला पाहिजे. शून्याला टेकला की फाटला. एडिटिंगमध्ये मागाचा आवाज बोलण्याच्या १८-२० डेसिबल खाली ठेवा. तुम्ही थांबाल तिथे तो दोन-तीन सेकंद वर आणा. नुसती खटखट ऐकायलाही लोक थांबतात.

कारखान्यातल्या आणखी काही गोष्टी. सुताची बारीक धूळ लेन्सवर बसते आणि सगळं दुधाळ दिसतं. दर दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसा. ओढणी, मोकळे केस, माइकची वायर मागाच्या फिरत्या पट्ट्याजवळ नेऊ नका आणि धोट्याच्या रेषेत ट्रायपॉड उभा करू नका. धोटा उडाला तर फोन जाईलच, पण डोळा वाचवणं महत्त्वाचं आहे. मागावरच्या माणसांना आधी विचारा आणि झालेला व्हिडिओ टाकण्यापूर्वी त्यांना दाखवा. ते तेलुगूत बोलत असतील तर बोलू द्या, खाली मराठी अक्षरं टाका. मराठीत बोलायला लावलेल्या माणसाचा चेहरा अवघडतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरचा माल कुठे विकला जातो आणि खरी चादर ओळखायची कशी, हे तुम्हीच अधिकाराने सांगू शकता. काठ, वजन, विणीची उलटी बाजू जवळून दाखवा. आमच्या मते तुमच्या चॅनेलचा सर्वांत भक्कम व्हिडिओ तोच होईल.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली फोन तापून बंद पडेल. कव्हर काढा, विमान मोड लावा, ४के ऐवजी १०८०पी वर या आणि चार्जिंग चालू ठेवून शूट करू नका. तापलेला फोन फ्रीजमध्ये तर कधीच ठेवू नका, आत दव धरतं.

प्रश्न : कमाई सुरू व्हायला लागणारे १,००० सबस्क्रायबर झाले, व्हिडिओ बघितल्याचे ४,००० तासही झाले असं मला वाटत होतं, पण स्टुडिओ २,१०० च दाखवतो. शिवाय अ‍ॅडसेन्सचा, म्हणजे यूट्यूबचे पैसे देणाऱ्या गुगलच्या खात्याचा, पत्ता तपासायचा पिन मैत्रिणीने दोनदा मागवूनही आला नाही. असं का होतं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तासांचा फरक बहुतेक शॉर्ट्समुळे आहे. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ ४,००० तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे : १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. खासगी केलेल्या किंवा काढून टाकलेल्या व्हिडिओंचे तासही जातात, आणि मोजणी फक्त मागच्या १२ महिन्यांची असते. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबत असेल तर ८०,००० व्ह्यूज पुरतात, दीडच मिनिट थांबत असेल तर १ लाख ६० हजार लागतात. दुसऱ्याचे व्हिडिओ जोडून तास भरवू नका. अर्ज केल्यावर पूर्ण चॅनेल तपासतात आणि त्याच कारणाने नाकारतात.

पिन खात्यात १० डॉलर झाल्यावर साध्या टपालाने निघतो आणि दोन ते चार आठवडे घेतो. त्याला ट्रॅकिंग नसतं. गल्लीचं जुनं नाव, ‘मारुती मंदिरामागे’ हे सगळं पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत घाला, पिनकोड तपासा आणि पोस्टमनच्या कानावर घाला. चार महिन्यांत पिन भरला नाही तर पैसे अडतात. पुन्हा मागवूनही येत नसेल तर ओळखपत्र देऊन पडताळणीचा मार्ग खुला होतो. तिथे नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळायला हवं.

दोन गोष्टी आत्ताच करून ठेवा. पैसे परदेशातून येतात, म्हणून बँकेच्या शाखेचा स्विफ्ट कोड लागतो. लहान सहकारी बँकांकडे तो नसतो, तेव्हा ज्या बँकेकडे आहे तिथे खातं काढा. आणि अमेरिकी कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म अ‍ॅडसेन्समध्येच भरा, कर क्रमांकाच्या जागी पॅन घाला. भारताशी करार असल्यामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर १५ टक्के कापतात. फॉर्म भरलाच नाही तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

प्रश्न : एका मसाला कंपनीने १५,००० देऊ केलेत, पण ‘जाहिरात आहे असं सांगू नका’ अशी अट आहे. दुसऱ्या एका ब्रँडने ईमेलवर कराराची झिप फाइल पाठवली आहे. दोन्ही घेऊ का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : पहिल्यांना अट काढायला सांगा, नाही काढली तर नकार द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्यात जाहिरात करणारा माणूसही येतो. केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस व्हिडिओतच, दिसेल आणि ऐकू येईल अशी सांगावी लागते, आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. म्हणजे सुरुवातीलाच ‘ही जाहिरात आहे’ असं मराठीत म्हणा, पडद्यावर लिहा आणि यूट्यूबवर सशुल्क प्रमोशनची खूणही लावा. नुसतं डिस्क्रिप्शनच्या तळाला लिहिलेलं पुरत नाही. निम्मी रक्कम आधी घ्या. पैशांऐवजी मिक्सर-कुकर मिळाले आणि एका कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर गेले, तर त्यावरही १० टक्के टीडीएस येतो.

झिप फाइल उघडू नका. यूट्यूबवाल्यांची चॅनेल पळवण्याची ही ठरलेली पद्धत आहे. आत पीडीएफसारखं चित्र असलेली .एससीआर किंवा .ईएक्सई फाइल असते. ती चालवली की ब्राउझरमधलं लॉगिन चोरलं जातं. मग पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही असूनही उपयोग होत नाही, कारण चोर तुमच्या आधीच उघडलेल्या खात्यातून आत येतो. पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी जुळवा, तिथल्या फोनवर विचारा आणि करार ईमेलच्या मजकुरातच पाठवायला सांगा. फाइल उघडली गेलीच असेल तर तो संगणक नेटवरून तोडा, दुसऱ्या यंत्रावरून गुगल खात्यात जाऊन सगळी यंत्रं साइन आउट करा, मग पासवर्ड बदला. क्रम हाच ठेवा. त्याच संगणकावर पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जातो.